प्रतिवादी क्रमांक दोन

कळंबोली, १२ सप्टेंबर १९९४

पुतळे,

आशीर्वाद लिहीत नाही. तू ते घेणार नाहीस, आणि मला ते फुकट घालवायचे नाहीत.

कोर्टाचा कागद तुला पोचला असेल. बेलीफ येऊन दारात उभा राहिला असेल, तुझी सही घेऊन गेला असेल, आणि निम्मं गाव अंगणात गोळा झालं असेल. त्या कागदावर 'प्रतिवादी क्रमांक दोन' म्हणून तुझं नाव आहे. ते वाचून घाबरू नकोस, ते नावापुरतं आहे. खानावळ आपल्या दोघींच्या नावावर होती. तू वादी म्हणून सही करायला इथे नाहीस, तेव्हा वकिलांनी तुला समोरच्या बाजूला बसवलं. कायद्यात तसं करावं लागतं म्हणे. केस तुझ्यावर नाही, त्या रंगाच्या कंपनीवर आहे.

वकील म्हणजे आमच्या ह्यांच्या लोखंड बाजारातल्या मुकादमाने गाठून दिलेली क्षिप्राताई. नेरूळच्या फ्लॅटमधली पोरगी, वय सव्वीस, काळा कोट तिला दोन मापं मोठा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, हिची आई येणार आहे का मागून? पण बोलायला लागली की कोट अंगाला बसतो तिच्या.

ती म्हणाली, सगळं पहिल्यापासून लिहून काढा, काही गाळू नका. तुलाही तेच लिहिते, म्हणजे उद्या तुझी साक्ष निघाली तर आपलं एकच असेल. आपण दोघी जावांनी तळोज्याला पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ काढली. तू भाकरी थापायचीस, डबे पोचवायचीस आणि डब्यांची वही ठेवायचीस. मी फोडणी आणि पैसे सांभाळायचे. रंगाच्या कंपनीला रोज साठ डबे, आठ रुपयाला एक. त्र्याण्णवमध्ये अठ्ठ्याऐंशी दिवसांचं बिल थकलं. बेचाळीस हजार दोनशे चाळीस रुपये. तू रोज म्हणायचीस, आक्का, उधारी थांबवा. मी म्हणायचे, अगं, विश्वजित शेठ मला माई म्हणतो, वाकून नमस्कार करतो, तो कुठे पळून जातोय?

तो पळाला नाही. मी पैसे मागायला गेले तेव्हा त्याने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि एक कागद दाखवला. सगळे पैसे रोख मिळाले, अशी पावती. खाली तुझी सही.

पुढे काय झालं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्यावर शाई घालवत नाही. तारखेला आलीस तर ये. हौसेराव भाऊजींना नमस्कार.

तुझी थोरली जाऊ,
गिरजाबाई


कळंबोली, ६ मार्च १९९६

पुतळे,

आधी एक कबूल करते. ते केल्याशिवाय पुढची गोष्ट सांगायला तोंड नाही मला.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझं नाव नावापुरतं नव्हतं. क्षिप्राताई म्हणाली होती की वादी म्हणून दोघींचंही नाव घालू, गावी कागद पाठवून सही मागवू. मीच म्हटलं, नको, तिला समोर बसवा. मग तिने दाव्यात लिहिलं की कंपनीने पैसे दिले नसतील तर ते कंपनीकडून मिळावेत, आणि दिले असतील तर पुतळाबाईकडून मिळावेत. ते दुसरं वाक्य माझं आहे. ती दोनदा विचारत होती, नक्की ना मावशी? मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

मला खरंच वाटत होतं की तू पैसे घेतलेस. त्या सहीवर माझा विश्वास बसला आणि तुझ्यावर नाही. म्हणून तर गावी राहीबाई वन्संच्या अंगणात, त्यांच्या मंजुषाच्या हळदीला, चाळीस बायकांपुढे मी तुला चोर म्हणाले. तू एवढंच म्हणालीस की मी त्या ऑफिसची पायरीसुद्धा कधी चढले नाही. हळदीची वाटी खाली ठेवलीस आणि निघून गेलीस. आठवड्याच्या आत भाऊजी आणि तू इथली खोली सोडून गावी राहायला गेलात. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, बघा, चोर असेल तोच पळतो.

आता ऐक.

काल तारीख होती. कंपनीचा कॅशियर साक्षीला येणार होता. परवा संध्याकाळी क्षिप्राताईने त्या पावतीची नक्कल मला दिली आणि म्हणाली, मावशी, ह्या तारखेला डबे किती गेले होते ते कुठे लिहिलेलं असेल तर बघून ठेवा. तुला सांगते, तेव्हा मी पहिल्यांदा त्या कागदावरची तारीख वाचली. शेठने दाखवला तेव्हा माझी नजर सहीवरून हललीच नव्हती. सोळा जुलै त्र्याण्णव.

तुझी डब्यांची वही माझ्याकडेच होती. तू गेल्यावर मी ती तांदळाच्या डब्यामागे टाकली होती. क्षिप्राताईला बिलं दिली, चलनं दिली, पण वही आहे हे सांगितलंच नाही. चोराची वही, तिला कशाला हात लावायचा, असं डोक्यात होतं. ती झटकून सोळा जुलैचं पान काढलं, तर तिथे आकडाच नव्हता. तुझ्या हातची एक आडवी रेघ होती. सुट्टीची. त्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते, शुक्रवारी आपण तिथे एक डबा पाठवत नव्हतो.

मी तिथेच फरशीवर बसले. पावणेतीन वर्षं ती वही माझ्या घरात, माझ्या हाताच्या अंतरावर पडून होती, पुतळे.

आणि काल कोर्टात काय झालं! कॅशियर पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेऊन म्हणाला, पुतळाबाई दुपारी डबे घेऊन आल्या, डबे उतरवले, मी पैसे मोजून दिले, त्यांनी माझ्यासमोर सही केली. क्षिप्राताई एकदम गोड आवाजात म्हणाली, "इतकं नीट आठवतं तुम्हाला? मग डब्यात काय होतं तेही आठवत असेल."

"आठवतं ना," तो म्हणाला. "मटकीची उसळ होती. चांगली झाली होती."

खरं सांगू? त्या क्षणालाही मला जरा बरं वाटलं. मी इतकी वाया गेलेली बाई आहे.

"तुमच्या कंपनीला सुट्टी कोणत्या वारी असते?"

"शुक्रवारी."

मग तिने पिशवीतून त्र्याण्णव सालचं कॅलेंडर काढलं. आपल्याच स्वयंपाकघरातलं, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेलं, दुधाचे खाडे लिहिलेलं. त्याच्यासमोर धरून म्हणाली, सोळा जुलैचा वार मोठ्याने वाचा. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वार तोच राहिला. जज्जसाहेब खाली वाकून म्हणाले, "काय हो, शुक्रवारी उसळ आली कुठून?" मागच्या बाकावरचे दोन वकील तोंडावर फाईल धरून हसत होते.

क्षिप्राताईने मला नंतर समजावलं. इतर दिवशी ऑफिसात माणसं असतात. सुट्टीच्या दिवशी गुपचूप बसून त्यांनी तो कागद बनवला आणि सवयीने त्या दिवसाचीच तारीख घातली. तू रोज चलनांवर सह्या करायचीस, तेव्हा तुझ्या सहीचे नमुने त्यांच्याकडे ढिगाने होते.

निकाल लागायचा आहे अजून. पण माझ्यापुरता लागला.

गिरजा


कळंबोली, २१ ऑगस्ट १९९६

पुतळे,

जिंकलो! जिंकलो गं बाई, जिंकलो!

काल निकाल लागला. कंपनीने बेचाळीस हजार दोनशे चाळीस रुपये, वर व्याज, वर कोर्टखर्च, आपल्या दोघींना मिळून द्यायचे. दोघींना मिळून. तुझ्याविरुद्धचं ते दुसरं वाक्य मी मार्चमध्येच काढून घ्यायला लावलं होतं. तरी तुझं नाव प्रतिवादी म्हणूनच छापलं जाणार होतं, ते काही बदलेना. क्षिप्राताई म्हणाली, राहू दे मावशी, निकालात त्याच नावापुढे काय लिहितात ते बघा.

पान सातवर लिहिलंय. मी पाठ केलंय. 'प्रतिवादी क्रमांक दोन हिला कोणतीही रक्कम मिळाल्याचे सिद्ध झालेले नाही. पावतीवरील सही तिची नाही. पावती बनावट आहे.' पुतळे, सरकारी शिक्का आहे त्याच्यावर! मी सही-शिक्क्याची नक्कल काढून सोबत पाठवते आहे. पान सात दुमडून ठेवलंय, म्हणजे शोधायला नको.

आमचे हे एरवी कधी हरखत नाहीत. लोखंडाचे गज उचलून उचलून माणूसही तसाच झालाय. पण काल ते दोन किलो पेढे घेऊन आले आणि अख्ख्या चाळीत स्वतः वाटत फिरले. चाळीतली प्रत्येक बाई मला विचारत होती, काय झालं गिरजाबाई, मुलगा पास झाला का? मी म्हटलं, नाही, माझी जाऊ पास झाली आणि मी नापास झाले, पण पेढे खा.

दुखलं का गं तुला फार? हे विचारायला मला तीन वर्षं लागली. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

गिरजा


कळंबोली, १९ जानेवारी १९९७

पुतळे,

तुझं कार्ड मिळालं. साडेतीन वर्षांत पहिलं. तीन ओळींचं. 'निकाल मिळाला. पैसे तुम्ही घ्या. ज्या बायकांपुढे बोललात त्या सगळ्या अजून गावातच आहेत.'

समजलं मला. बघू. सध्या इथे कामाची फार गडबड आहे.

गडबड म्हणजे काय ते सांगते. मला वाटायचं, कोर्टात जिंकलं की शिपाई पैसे आणून हातात ठेवतो. तसलं काही नसतं. निकाल म्हणजे नुसता कागद. पैसे हवे असतील तर पुन्हा अर्ज करायचा, त्याला दरखास्त म्हणतात. मग जप्तीचं वॉरंट निघतं. मग बेलीफचा भत्ता भरायचा. मग बेलीफ येतो, पण तो आपणहून काही शोधत नाही. जप्त काय करायचं ते आपण बोट दाखवून सांगायचं. म्हणजे ज्याने बुडवलं त्याची मालमत्ताही आपणच हुडकायची!

आपल्या वाट्याला आलेले बेलीफ सुधीरराव. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, बगलेत पिशवी, बोलणं एकदम मुंबईचं. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, "बाई, टेन्शन नका घेऊ. पण एक सांगतो, जिंकणारे खूप बघितले मी. वसूल करणारे कमी."

पहिल्या खेपेला कंपनीचं गेट बंद. वॉचमन म्हणतो साहेब बाहेरगावी गेलेत. साहेबांची पांढरी गाडी आत उभी, ड्रायव्हर ती पुसतोय. मी गजांतून बोट घालून ओरडले, ती गाडी जप्त करा! सुधीरराव म्हणाले, "ती शेठच्या बायकोच्या नावावर आहे बाई, हुकूमनामा कंपनीवर आहे." भत्ता गेला वाया.

दुसऱ्या खेपेला मी आपल्या शेडमध्ये दबा धरून बसले. आता वीसच डबे राहिलेत माझ्याकडे, तेव्हा वेळ असतो. शेडसमोरच वजनकाटा आहे, आठवतं ना? तळोज्यातला भरलेला ट्रक त्या काट्यावर चढल्याशिवाय बाहेर जात नाही. कंपनीचे रंगाचे पिंप भरलेला ट्रक गेटातून बाहेर आला आणि मी सुधीररावांना अक्षरशः ओढत नेलं. हाच! ह्याला धरा! ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. म्हातारा, तळवलीचा.

"माय, गाडी माजी हाय, कंपनीची नाय. आत माल पन दुसऱ्यानं इकत घेतलेला हाय. माज्या पोटावर कशाला पाय देतस?"

गाडीचं आरटीओचं पुस्तक बघितलं तर ती त्याच्याच नावावर. लाजेने मेले मी. शेडमध्ये बसवून जेवायला घातलं त्याला, दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. त्याने पोटभर खाल्लं आणि जाताना म्हणाला, "चूक समजली ना? मग झालं. आता खरी गाडी धर." इतक्या सहज.

जेवताना सुधीरराव आम्हाला सांगत होते, कायद्याने काय जप्त करता येत नाही. स्वयंपाकाची भांडी नाही. अंथरूण-पांघरूण नाही. अंगावरचे कपडे नाहीत. बाईचं मंगळसूत्र नाही. कारागिराची हत्यारं नाहीत. मी म्हटलं, आणि माणसाचं नाव? ते म्हणाले, त्याबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नाही.

असो. थंडी फार आहे का गावाला?

गिरजा


कळंबोली, १८ मार्च १९९७

पुतळे, पुतळे, पुतळे!

बस आधी. भाऊजींनाही बसव. मोठ्याने वाच.

क्षिप्राताईने आरटीओतून कागद काढला. कंपनीच्या स्वतःच्या नावावर दोनच ट्रक निघाले. दोन्हींचे नंबर मी शेडच्या पत्र्यावर खडूने मोठ्ठे लिहिले आणि भाकरी थापता थापता काट्याकडे डोळा ठेवला. आठ दिवस गेले. वॉरंटाची मुदत संपायला तीन दिवस उरले. सुधीरराव रोज अकराला येऊन शेडमध्ये बसायचे, जेवायचे, आणि म्हणायचे, "बाई, ट्रक येवो न येवो, माझं वजन वाढलं."

काल साडेबारा वाजता पहिला नंबर काट्यावर चढला. माझे दोन्ही हात पिठाने भरलेले. मी तशीच पळाले. ट्रक काट्यावर, ड्रायव्हर खिडकीशी वजनाची चिठ्ठी घ्यायला उतरलेला. सुधीरराव माझ्या मागे, पण काय सांगू, एरवी जिना चढताना धापा टाकणारा माणूस काल हरणासारखा आला. ड्रायव्हरच्या हातातून किल्ली घेतली, वॉरंट दाखवलं आणि म्हणाले, "पनवेल कोर्ट. गाडी जप्त."

मग त्यांनी बॉनेटवर कागद पसरून पंचनामा लिहायला घेतला. एकेक अक्षर कोरून. आणि मागे ट्रकांची रांग लागली की! काटा एकच. जप्त झालेला ट्रक त्याच्यावर. आधी पाच, मग दहा, मग पार वळणापर्यंत. हॉर्न, शिव्या, विचारपूस. कोणीतरी ओरडलं, काय झालं रे? काट्यावरचा कारकून ओरडला, "खानावळवाल्या मावशीनं कंपनीचा ट्रक धरलाय!" तुला खोटं वाटेल, पण टाळ्या वाजल्या. त्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांनी आपल्या हातचं खाल्लंय गं.

त्या ट्रकमधला माल न्हावाशेवाला जायचा होता. संध्याकाळच्या आत बंदरात पोचला नाही तर जहाज सुटणार. दहा मिनिटांत विश्वजित शेठ स्वतः धावत आला. धावत, पुतळे! टाय खांद्यावर गेलेला. चार वर्षं जो मला फोनवर भेटला नाही, तो माझ्यासमोर घामाघूम उभा.

"माई," म्हणाला, आणि खाली वाकला पायाला हात लावायला.

मी पाय मागे घेतले. म्हटलं, "तिथेच थांबा. या नमस्काराने माझे बेचाळीस हजार गेले."

"माई, घरातलं भांडण असं रस्त्यावर कशाला? ऑफिसात बसून बोलू या ना."

"ऑफिसात बसलेच होते मी. तिथे तुम्ही मला थंड पाणी दिलंत आणि माझ्या घरातून माझी जाऊ काढून घेतलीत. आता उन्हात बोलू."

तो सुधीररावांकडे वळला, गाडी सोडा, उद्या चेक देतो. सुधीरराव मान वर न करता म्हणाले, "साहेब, मला गाडी न्यायची आहे किंवा पूर्ण रक्कम रोख न्यायची आहे. उद्या हा शब्द वॉरंटात नाही."

पंच्याऐंशी हॉर्न एकदम वाजत होते म्हटलंस तरी चालेल. शेवटी माणूस बँकेत पळवला. पावणेदोनला पैसे आले. पंचावन्न हजार आठशे, व्याज-खर्चासकट. सुधीररावांनी बॉनेटवरच मोजले, दोनदा, बोटाला थुंकी लावून. शेठ जहाजासाठी घड्याळ बघतोय आणि हे नोटा सरळ करतायत. पावती लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या, किल्ली परत दिली. ट्रक काट्यावरून उतरला आणि मागच्या सगळ्यांनी असा गलका केला की आमच्या शेडचे पत्रे थरथरले.

आणि तेवढ्या गर्दीत मी काय केलं, सांगू? मी शेठला म्हटलं, आता एक वाक्य म्हणून जा. पुतळाबाईने पैसे घेतले नव्हते. म्हणा. तो इकडे बघतो, तिकडे बघतो. कारकून खिडकीतून म्हणाला, "म्हना की साहेब, काटा मोकळा करायचाय." आणि तो म्हणाला, पुतळे. सगळ्यांपुढे म्हणाला.

मी त्याच्याकडून म्हणवून घेतलं. घरी येताना डोकं उंच होतं माझं. हे म्हणाले, चेहरा बघ आरशात, वीस वर्षांनी लहान झालीस.

गिरजा


कळंबोली, ११ एप्रिल १९९७

पुतळे,

आज सावकाश लिहिते.

पैसे कोर्टात नाझरकडे, म्हणजे तिथला पैशाचा हिशेब बघणाऱ्या कारकुनाकडे, जमा आहेत. काल आम्ही ते उचलायला गेलो. त्याने अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाला, निकाल दोघींच्या नावावर आहे, दोघींच्या सह्या हव्यात. दुसरी बाई कुठे आहे? मी म्हटलं, गावी. ह्यांना परत खाडा नको होता. हळूच म्हणाले, "तूच कर की दोन्ही. कोणाला कळतंय?"

मी ह्यांच्याकडे असं बघितलं की माणूस बाकावर जाऊन बसला. पेन खाली ठेवलं. म्हटलं, तिची सही एकाने केली तेवढी पुरे झाली.

बाहेर व्हरांड्यात सुधीरराव भेटले. हसत म्हणाले, काय बाई, आता तरी सुटलात ना? मी म्हटलं, हो हो. आणि बसमध्ये बसल्यावर रडू कोसळलं. कंडक्टर तिकीट न मागता पुढे गेला.

कारण मी सुटलेली नाही, पुतळे. तुझं कार्ड येऊन तीन महिने होत आले. ज्या बायकांपुढे बोललात त्या सगळ्या गावातच आहेत, असं तू लिहिलंस, आणि मी 'बघू' म्हणून थंडीची चौकशी केली. कामाची गडबड नव्हती. मला भीती वाटत होती. शेठकडून भर रस्त्यात वदवून घेतलं तेव्हा मी स्वतःला केवढी शूर समजले. पण तुला चोर म्हणणारं तोंड त्याचं नव्हतं. त्याने एक खोटा कागद बनवला. तो घेऊन गावापर्यंत मी गेले, वन्संच्या अंगणात मी उभी राहिले. त्याच्यावर कोर्टाला चार वर्षांनी का होईना बेलीफ पाठवता आला. माझ्यावर कोण पाठवणार? तू तर काही मागतही नाहीस. तीन ओळी लिहिल्यास आणि वाट बघत बसलीस. शेठनेही मला असंच थांबवलं होतं. ऑफिसातून निरोप यायचा, बघू माई.

तेव्हा आता मीच येते. चैत्र पौर्णिमेला देवाची जत्रा आहे. दुपारी नैवेद्य घेऊन सगळ्या बायका देवळात येतात, राहीबाई वन्सं येतील, त्या दिवशीच्या चाळीसच्या चाळीस येतील. मी निकाल बरोबर आणते. पान सात मी सगळ्यांपुढे मोठ्याने वाचणार. आणि ते झाल्यावर, जे कोणत्याच पानावर लिहिलेलं नाही, तेही सांगणार. की वही माझ्याच घरात होती. की क्षिप्राताईने दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हटलं. आवाज कापला तर कापू दे, मागच्या रांगेत ऐकू आलं नाही तर पुन्हा वाचीन. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी वाचेन ते तुझ्यापर्यंत पोचायला गावात पाच मिनिटं लागतात.

त्यानंतर मी तुझ्या दारात येईन. दार उघडायचं की नाही ते तुझ्याकडे. उघडलंस तर अठ्ठावीस तारखेला सोमवार आहे, पनवेलला जाऊ. नाही उघडलंस तर पैसे तिथेच राहतील. नाझरला मी सांगून आलेय, दुसरी बाई येईपर्यंत माझा अर्ज पुढे घेऊ नका. तो म्हणाला, मग लिहून द्या. मी लिहून दिलं. त्याने विचारलं, नावं कोणत्या क्रमाने घालू? मोठीचं आधी?

मी म्हटलं, नाही. पुतळाबाईचं आधी.

तुझी देणेकरी,
गिरजा